मामीजींचं नाक

मामीजींनी स्वतः रांधलेला एकही पदार्थ देवाआधी कधी चाखला नाही. मीठ पडलं की नाही, तिखट जास्त झालं का, डाळ मुरली का, यातलं काहीही त्यांनी जिभेला विचारलं नाही. त्या गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण उचलायच्या, पहिली वाफ जाऊ द्यायच्या, डोळे मिटून मान डावीकडे कलती करायच्या आणि एकच लांब श्वास घ्यायच्या. मग एक तर झाकण परत पडायचं, नाही तर हात मिठाच्या बरणीकडे जायचा. आम्ही दहा-बारा पोरं दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवत होतो आणि मीठ चुकलं असं कधी झालं नाही. आमच्यातल्या एकानं एकदा विचारलंच, की मामीजी, मिठाला वास कुठं असतो? त्यावर त्या म्हणाल्या, "मिठाले नसन बापा, पन मीठ पडलं का डाळीचा वास खाली बसते. अळणी डाळ उभीच राहते." याचा अर्थ आम्हाला काही कळला नाही. पण पुढ्यात ताट असताना अर्थ कोण शोधत बसतो?

ही गोष्ट भिलाईत पोलादाचा प्लँट उभा राहत होता तेव्हाची. जे त्या दिवसांत इथं आले त्यांना वेगळं सांगायला नको. जिकडं पाहावं तिकडं लाल मुरूम, डंपरची धूळ, अर्धवट उभे लोखंडी खांब, आणि गावंच्या गावं नवीन. कुणाचंच कुणी नव्हतं. भंडारा-गोंदियाकडून आलेली आमच्यासारखी पोरं एकेका खोलीत चौघं-पाचजण राहायची आणि जेवणाच्या वेळी पोट धरून हिंडायची. मामाजी खलाशांच्या टोळीचे मुकादम होते. वैनगंगेकाठच्या गावातली शेती भावांकडं सोडून ते बायकोला घेऊन इथं आले होते. मोठमोठे गर्डर दोरखंड आणि कप्पीवर वर चढवायचं त्यांचं काम. सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दोघंच राहायची. पोरबाळ नव्हतं. एक दिवस मामाजींनी टोळीतली दोन उपाशी पोरं घरी जेवायला आणली, आणि तिथून मेस सुरू झाली. आम्ही त्यांना मामाजी-मामीजी म्हणायचो म्हणून शेजारीपाजारी, किराणेवाला, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळेच म्हणायला लागले. त्यांची खरी नावं कुणाला माहीत असतील असं मला वाटत नाही.

मामीजींचा देव म्हणजे पितळेचा एक रांगता बाळकृष्ण, आणि त्याचा देव्हारा रशियन खोक्याचा. यंत्रांचे भाग रशियातून लाकडी खोक्यांत भरून यायचे. त्यातल्या फुटक्या खोक्याच्या चार फळ्या साहेबाला विचारून मामाजींनी आणल्या आणि सुतार-मित्राकडून देव्हारा करून घेतला. बाळकृष्णाच्या मागच्या फळीवर काळ्या शाईत रशियन अक्षरं तशीच राहिली होती. मामीजी रोज त्या अक्षरांनाही हळदकुंकू लावायच्या. म्हणायच्या, देवामागं लिवलं आहे तं चांगलंच असन. आमच्यातल्या एका उचापत्यानं ती अक्षरं कागदावर उतरवून दुभाष्याला दाखवली. निघालं असं, की सामान नाजूक आहे, उलटं ठेवू नये. आम्ही हसून हसून लोळलो. मामीजी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "बरोबरच तं आहे."

हा देव जेवल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात घास जायचा नाही. मग पहिल्या पाळीला जाणारा असो की साहेब असो. तांब्याच्या छोट्या ताटलीत वरण-भात, भाजी, पोळीचा तुकडा, वर तुळशीचं पान. मामीजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या आणि मगच आमची ताटं वाढायच्या. चाखायचं का नाही, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जीभ लालची असते, नाक इमानदार. भुकेल्या जिभेले सगळंच गोड लागते." शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरकडच्या एक रेल्वेवाल्या बाई राहायच्या, मोठ्या सोवळ्याच्या. त्यांनी एकदा मामीजींना पेचात धरायचं ठरवलं. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, मग वास घेतलेलं वरण कसं चालतं, असा त्यांचा सवाल. मामीजी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फूल मी करते का? थे जसं आलं तसं. वरन मी करते, बिघडलं तं सुधाराले नको?"

आणि काय ते नाक! दारात पाय ठेवायच्या आधी आतून कळायचं कोण आलं ते. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. नकाशांच्या प्रती काढायच्या यंत्राला अमोनिया लागायचा आणि त्याचा वास कपड्यांत बसायचा. मामीजींना तो नवसागराचा वास वाटायचा, भांड्यांना कल्हई करताना येतो तसा. म्हणून माझं नाव 'कल्हईवाला'. कोक ओव्हनवरचा नत्थू आला की त्या नाकाला पदर लावायच्या, कारण त्याच्या अंगाला कोळशाच्या गॅसचा दर्प असायचा. एकदा एक पोरगा मोहाची पिऊन आला, लवंगा चघळून, केस विंचरून, अगदी सभ्यपणे. मामीजींनी आतूनच सांगितलं, की पाठीमागच्या ओट्यावर बस, देवासमोर येऊ नको. पण ताट मात्र त्याचं स्वतः नेऊन दिलं आणि पोळी दोनदा वाढली. त्या पोरानं पुढं घेणं सोडलं नाही, पण घेतली की आपणहून ओट्यावर जाऊन बसायचा.

पहिली भट्टी पेटली त्यानंतरच्या चैत्रात मामीजींचा घोळणा फुटला. पदर लाल झाला. ऊन लागलं म्हणून त्यांनी कांदा फोडून हुंगला, डोक्यावर पाणी घेतलं आणि कणीक मळायला बसल्या. आठवड्यात पुन्हा फुटला, पुन्हा फुटला. मग मामाजींनी त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर दक्षिणेकडचे, वयस्कर, मोडक्या हिंदीत फार हळू बोलणारे. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, मग दुसऱ्या दंडाचा पाहिला, आणि बाहेर उभ्या मामाजींना आत बोलावून घेतलं. म्हणाले, दाब फार आहे, नाकातून वाहिलं हे नशीबच म्हणा, डोक्यातली नस फुटली असती. एक बारीक पांढरी गोळी दिली. रोज एक, न चुकता, आणि बरं वाटलं तरी सोडायची नाही.

हे "बरं वाटलं तरी" मामीजींच्या गळी उतरेना. ताप उतरला की काढा बंद, जखम भरली की हळद बंद, हे त्यांना ठाऊक होतं. बरं असताना औषध म्हणजे पोट भरल्यावर जेवण. दोन दिवस त्या कुरकुरत राहिल्या. शेवटी मामाजी, जे एरवी घरात फारसं बोलत नसत, चहा पिता पिता म्हणाले, "कुंकू रोज लावते का नाई तू? का लग्नात लावलं, झालं?" बस्स. दुसऱ्या दिवसापासून गोळीची बाटली देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी जाऊन बसली. देवाचं झालं की तीर्थासोबत गोळी. डोकेदुखी गेली, घोळणा थांबला, चेहऱ्यावरची लाली उतरली. मामाजी आम्हाला कौतुकानं सांगायचे, की पाहा, लोखंड वर चढवणं सोपं, पण बाईला औषध घ्यायला लावणं म्हणजे खायचं काम नाही.

मग मामीजींचं नाक बंद झालं.

आधी त्यांना सर्दी वाटली. ओव्याची धुरी घेतली, आल्याचा काढा घेतला. सर्दी नव्हतीच, शिंक नाही की पाणी नाही, नुसतं कोंदलेलं. एका रविवारी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि आतून डाळ करपल्याचा वास यायला लागला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. पण मामीजींना जाऊन वरण लागल्याचं सांगणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं. कुणी उठलं नाही. मी दारातून डोकावलो, तर त्या गंजावर वाकून उभ्या होत्या. डोळे मिटलेले, मान डावीकडं कलती. श्वास घेतला, झाकण ठेवलं आणि देवाची ताटली वाढायला घेतली. नैवेद्य झाला. इतक्यात मामाजी ड्यूटीवरून आले आणि चपला काढता काढता सहज म्हणाले, की आज वरण करपलं का?

मामीजींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं. आमच्या माना खाली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सराट्याच्या, म्हणजे उलथन्याच्या, टोकावर वरण घेऊन जिभेला लावलं. मग ताटली देवापुढून उचलली, तिथं साखरेची चिमूट ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसून राहिल्या. आम्ही त्या दिवशी नुसती पोळी-भाजी खाल्ली. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, देवाशीच बोलत होत्या. "जळकं वाढलं तुले मी. आन मले माहीतच नाई."

गोळीचा आणि नाकाचा संबंध त्यांनीच लावला. मध्यंतरी सणाच्या सुट्ट्यांत दवाखाना बंद होता आणि बाटली रिकामी झाली. तेवढ्या दिवसांत नाक उघडलं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दारातूनच ओळखता यायला लागली. दवाखाना उघडला, गोळी सुरू झाली, नाक पुन्हा गेलं. मामीजींनी जाहीर करून टाकलं की गोळीनं नाक बांधलं आहे आणि आपल्याच्यानं हे होणार नाही. मामाजी जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांना असं ताट सारताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"तू गेली तं देवाले कोन वाढन?" ते म्हणाले.

मग मामीजींनी हाक मारली, "कल्हईवाल्या, इकडं ये जरा."

अशा रीतीनं मी मामीजींचं नाक झालो. माझीच निवड का, तर बाकीच्यांच्या पाळ्या बदलत्या. कुणी सकाळी झोपलेला, कुणी भट्टीपुढं उभा. माझी जनरल शिफ्ट, सकाळी मी हमखास घरी. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं. मामीजी गंज माझ्यापुढं धरायच्या. पहिल्या दिवशी मी म्हणालो, छान वास येतो. त्या वैतागल्या. "छान म्हंजे का रे? कायचा येते थे सांग. हिंगाचा येते का डाळीचा? कोन पुढं आहे?" मला काय सांगावं कळेना. जेवणाला वास येतो एवढंच मला तोवर माहीत होतं. पण हळूहळू शिकलो. कच्च्या डाळीचा वास नाकाच्या टोकाशी राहतो, शिजलेलीचा आत उतरतो. जिरं करपायच्या आधी क्षणभर गोड होतं. जवसाचं तेल खवट व्हायला लागलं की ओल्या पोत्याचा वास येतो. आणि अळणी डाळ उभी राहते म्हणजे काय, तेही एका सकाळी अचानक कळलं. मी म्हणालो, "मामीजी, उभी आहे." त्यांनी मीठ टाकलं, ढवळलं, गंज परत पुढं केला. मी म्हणालो, बसली. तेव्हा त्या ज्या हसल्या, तसं मला शाळेत पहिला नंबर आल्यावर आईसुद्धा हसली नव्हती.

ते दिवस चांगले गेले. मी वास घ्यायचा, गंज उतरायचा, नैवेद्य व्हायचा, आणि लगेच मामीजी माझ्या देखत तीर्थाबरोबर गोळी घ्यायच्या. रिकामं तोंड उघडून मला दाखवायच्या, लहान मुलानं दाखवावं तसं. डॉक्टर दर खेपेला पट्टा बांधून मान हलवायचे आणि शाबासकी द्यायचे. पोरं मला 'मामीजींचं नाक' म्हणून चिडवायची आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं, की मोठी युक्ती काढली. औषधाचं औषध चाललं आहे, देवाचं देवाला पोचतं आहे, आता कशाची काळजी नाही.

आणि माझी राजहऱ्याला बदली झाली. तिथं लोखंडाच्या खाणीचं काम सुरू होतं आणि नकाशांना माणसं हवी होती. नोकरी नवी, नाही म्हणायची सोय नव्हती. निघायच्या सकाळी मी शेवटचा गंज हुंगला. मामीजींनी चिवड्याची पुरचुंडी हातात दिली आणि हसत म्हणाल्या, "आता मी कोनाच्या नाकानं रांधू?" मी नत्थूला शिकवून ठेवलं होतं. त्याची पाळी बदलून तो सकाळचा घरी असायला लागला होता. नत्थू मोकळ्या मनाचा, हौसेनं तयार झाला. पण कोक ओव्हनचा गॅस ज्याच्या नाकात दिवसभर बसलेला, त्याला हिंग काय आणि जिरं काय! मला हे तेव्हाही ठाऊक होतं आणि मामीजींनाही. दोघांपैकी कुणी बोललं नाही. दारात ट्रक उभा होता, आणि दुसरं कुणी नव्हतंच.

दिवाळीच्या आधी मला दोन दिवसांची रजा मिळाली. मी थेट मामीजींच्या दारात उतरलो. फाटकाशीच वरणाचा वास आला. तुरीची डाळ, हिंग, जिरं, वरून सांबार, आणि कुठंतरी गुळाचा खडा. एवढं नीट, एवढं जागच्या जागी, की मी बॅग हातात घेऊन तसाच उभा राहिलो. जेवायला बसलो तर चवही तशीच. राजहऱ्याच्या कॅन्टीनचं पाणचट खाऊन जीव विटला होता. मी मागून घेतलं, पुन्हा मागून घेतलं. मामीजी समोर बसून मला जेवताना पाहत होत्या, हनुवटीला हात लावून. नत्थूचं नाक सुधारलेलं दिसतंय, असं मी म्हणालो. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, की त्याचं काय सुधारते. सगळेच हसले. नत्थूही हसला. मग मी विचारलं, की गोळी?

"देवापाशीच आहे ना," मामीजी म्हणाल्या.

मी मान वळवून पाहिलं. बाटली होती, बाळकृष्णाच्या शेजारी, जागच्या जागी. मामीजी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

पौषात राजहऱ्याला निरोप आला, की मामीजींना लकवा मारला. मी पोचलो तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, वाचा बंद. मामाजी बाहेरच्या बाकावर बसले होते. एवढा मोठा माणूस, खांद्यावर दोरखंड टाकून गर्डर चढवणारा, बाकाच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्यांच्याकडून सगळं कळलं. नत्थू रोज इमानानं हुंगायचा आणि रोज म्हणायचा, मस्त. दोनदा देवाला अळणी गेलं. एकदा भाजीचं तेल खवट निघालं. ही तिसरी चूक झाली त्या दिवशी मामीजींनी गोळी देवापुढं ठेवली, हात जोडले आणि घेतली नाही. मग फक्त एकादशीला घ्यायच्या, कारण त्या दिवशी त्या रांधत नसत, पोरं केळी-शेंगदाण्यावर भागवायची. आणि दवाखान्यात जायच्या आधी तीन-चार दिवस घ्यायच्या, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. मामाजींना हे आधी कळलं नाही. कळलं तेव्हा भांडले, रुसले, एक दिवस जेवले नाहीत. त्यावर मामीजींनी त्यांच्यासमोर ताट आणून ठेवलं आणि सांगितलं, "माहा बाळकृष्ण करपलं खात नाई. तुमी खाता, तुमाले चालते. त्याले नाई चालत."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. मामाजींनी हात जोडून नाकाची सगळी हकीकत त्यांना सांगितली, जशी चुकीची कबुली द्यावी तशी. ते ऐकता ऐकता डॉक्टर बाकावर बसले. कपाळ चोळत म्हणाले, "ये बात हमको पहले क्यों नहीं बोला?" मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. या गोळीनं पुष्कळांचं नाक कोंदतं. त्यात नवल काही नाही. दुसरी गोळी आहे, अलीकडंच आली आहे, तिनं नाकाला काही होत नाही. मग म्हणाले, मी डोकं दुखतं का विचारायचो, चक्कर येते का विचारायचो, त्या नाही म्हणायच्या. नाकाचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मामाजींचे हात अजून जोडलेलेच होते. "साहेब," ते म्हणाले, "आमाले वाटलं, दाबाचं तुमाले सांगाचं. नाक तं सयपाकाचं हाये."

यात लपवालपवी नव्हती. साहेब मोठा माणूस, त्याच्यापुढं वरण-फोडणीचं गाऱ्हाणं काय न्यायचं? घरातली अडचण घरात सोडवायची, ही आमची रीत. गर्डर अडकला तर टोळीनं युक्ती काढायची, साहेबाला हाक मारायची नाही. तशीच आम्ही नाकाची युक्ती काढली होती आणि तिच्यावर खूश होतो. एवढे दहा-बारा जण रोज जेवत होतो, त्यातले निम्मे शिकलेले. पण हे वाक्य दवाखान्यात जाऊन बोलावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आज हे आठवलं की जीव कासावीस होतो. केवढं लहान वाक्य होतं ते!

मामीजी घरी आल्या. नवी गोळी सुरू झाली आणि आठवड्याभरात त्यांचं नाक लख्ख उघडलं. आता त्या अगदी न चुकता गोळी घ्यायच्या. मामाजींनी नुसती बाटली हातात घेतली की तोंड उघडायच्या. मेस बंद झाली, पोरं पांगली. स्वयंपाक मामाजी करायला लागले. मामीजींची खाट त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवली होती, मी जिथं उभा राहायचो तिथं. मी रजेवर आलो की पाहायचो. मामाजी त्यांच्या जाड बोटांनी झाकण उचलून गंज खाटेपाशी आणायचे. मामीजी डोळे मिटायच्या. मान आता आपोआपच कलती असायची. श्वास घ्यायच्या आणि डाव्या हातानं खाटेच्या माच्यावर टकटक करायच्या. मामाजी विचारायचे, "मीठ?" टकटक थांबायची. ते मीठ टाकायचे, ढवळायचे, पुन्हा गंज आणायचे. हात स्वस्थ राहिला की नैवेद्य. ते वरण काही मामीजींच्या वरणासारखं नव्हतं, पण अळणी मात्र कधी नव्हतं. वर्षभर हे असं चाललं. मग एका सकाळी मामाजी गंज घेऊन गेले, तर श्वासच नव्हता.

मामाजींनी पुढं क्वार्टर सोडलं आणि गावी गेले. जाताना देव्हारा मला दिला, बाळकृष्ण सोबत नेला. रिकामा देव्हारा इथं भिलाईतच, वैशाली नगरच्या माझ्या घरात आहे, मागची रशियन अक्षरं अजून दिसतात. त्यात माझी रक्तदाबाची गोळी असते. होय, मलाही लागली. रोज घेतो, बरं वाटलं तरी. आणि डॉक्टरकडं गेलो की सगळं सांगतो, न विचारलेलंसुद्धा. पाय जड वाटतात, सकाळी तोंड कोरडं पडतं, परवा आंब्याच्या लोणच्याचा वास जरा कमी आला. तरुण डॉक्टर घड्याळाकडं बघतो. नात सोबत असली की लाजते, म्हणते, "आजोबा, ये सब भी बताना ज़रूरी है क्या?" घरी मराठी बोलणारी पोरगी दवाखान्यात हिंदीत लाजते. मी तिला म्हणतो, हाव, जरुरी आहे. का, ते तिला कधी नीट सांगितलं नाही. सांगायचं तर मग त्या दिवाळीआधीच्या दुपारचंही सांगावं लागेल.

त्या दुपारी मामीजींचं नाक उघडं होतं. फाटकाशी आलेल्या त्या वासानंच ते मला सांगितलं होतं, आणि तो वास ओळखायला मला त्यांनीच शिकवलं होतं. नत्थूच्या नाकानं तसं वरण होणं शक्य नव्हतं. गोळी पोटात असताना तर नव्हतंच नव्हतं. पुढं इतक्या ठिकाणी जेवलो, इतक्या हातचं खाल्लं, पण तसं वरण मला पुन्हा मिळालं नाही. दोनदा मागून घेतलं होतं मी ते, आणि मामीजी समोर बसून कौतुकानं पाहत होत्या.